‘पर्यावरणपूरक’ एवढी अट पुरेशी आहे का?

प्रश्न : मी एका सार्वजनिक संस्थेच्या खरेदी समितीवर आहे. कचऱ्याच्या पिशव्या आणि उपाहारगृहातील पेले यांच्या निविदेत ‘पर्यावरणपूरक प्लास्टिक’ अशी अट घातली, तर ती पुरेशी ठरेल का?

उत्तर : नाही, कारण या शब्दाखाली काहीही खपवता येते. वनस्पतिजन्य प्लास्टिक कुजतेच असे नाही. उसापासून केलेले पॉलिइथिलीन (नेहमीच्या पिशव्यांचे प्लास्टिक) खनिज तेलापासून केलेल्या पॉलिइथिलीनइतकेच चिवट असते. पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे मक्यासारख्या पिकांतील साखरेपासून केलेल्या प्लास्टिकचा, पेला कुजतो खरा, पण त्यासाठी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमान राखणारा औद्योगिक खतप्रकल्प लागतो, आणि ‘ईएन १३४३२’ या युरोपीय मानकातील सहा महिन्यांत ९० टक्के जैवविघटनाची अट अशाच परिस्थितीला लागू आहे. नाल्यात किंवा समुद्रात गेलेल्या पेल्याबद्दल ते मानक कसलीही हमी देत नाही. म्हणून आपला कचरा नेमका कुठे जातो, हे समितीने आधी तपासावे. तसा प्रकल्प नसेल, तर जादा मोजलेले पैसे वाया जातील. ऑक्सो-विघटनशील पिशव्या, म्हणजे हवेत व उन्हात तुकडे पडावेत म्हणून रसायन मिसळलेल्या साध्या प्लास्टिकच्या पिशव्या, तर सरळ नाकाराव्यात. त्यांचे बारीक तुकडे होऊन मातीत मिसळतात, आणि युरोपीय संघाने २०२१ पासून त्यांच्या विक्रीस बंदी केली आहे.

पेल्यांबाबत माझे मत स्पष्ट आहे : धुऊन पुन्हा वापरता येणारे पेले घ्यावेत आणि दर ठरवताना धुण्याचा व विल्हेवाटीचा खर्चही धरावा. पिशव्यांसाठी पुनर्चक्रित प्लास्टिकचे किमान प्रमाण, जाडी आणि त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र या अटी निविदेतच लिहाव्यात, तसेच पुरवठ्याच्या प्रत्येक खेपेतील नमुना तपासण्याचा अधिकार समितीने करारात राखून ठेवावा.