आधी भरतीचं कोष्टक, मग किल्ले
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, नॉर्थंबरलँडच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात जाणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही अलिबागचे. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायची सवय आहे. लिंडिसफार्न बेटाचंही तसंच असतं असं ऐकलं. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढली तर तिथे चालेल का?

नाही, आणि हा हिशेब तिथे अजिबात करू नका. पाऊणपटीचं गणित कोकण किनाऱ्यापुरतं बसवलेलं आहे. उत्तर समुद्रात भरतीची लाट उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकते, त्यामुळे एकाच दिवशी एकाच किनाऱ्यावरच्या दोन गावांतही पूर्ण भरतीची वेळ वेगळी पडते. तुमच्या अनुभवातली एक गोष्ट मात्र तिथेही लागू आहे : अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि रस्ता जास्त वेळ बंद राहतो. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, थोडी मोकळीक मिळते.

बेटावर जाणारा डांबरी रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, प्रत्येक वेळी साधारण पाच तास. सुरक्षित वेळांचं कोष्टक नॉर्थंबरलँड काउंटी कौन्सिल प्रसिद्ध करते, तेच पाहायचं. राहण्याची जागा ठरवायच्या आधी ते उघडा, कारण बेटाचा दिवस कोणता हे तुम्ही नाही, ते कोष्टक ठरवतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने असा दिवस निवडावा, ज्या दिवशी रस्ता सकाळी खुला होतो आणि संध्याकाळी बंद होतो. परतायची तुमची वेळ कोष्टकातल्या शेवटच्या वेळेच्या तासभर आधीची धरा. समुद्राकडून जोराचा वारा असेल किंवा हवेचा दाब उतरलेला असेल, तर पाणी अंदाजापेक्षा लवकर चढतं.

गाड्या अडकतात त्या जवळजवळ नेहमी एकाच कारणाने : बेटाच्या टोकाला रस्ता कोरडा दिसतो. पण सखल भाग पुढे, मुख्य भूमीकडच्या पुलाजवळ आहे आणि तिथे पाणी आधी येतं. त्या पुलापाशी खांबांवर उभी केलेली, शिडी लावलेली पांढरी खोली दिसेल. अडकलेल्यांनी चढून बसायची जागा ती. पुढे पाणी दिसलं तर 'एवढंसंच तर आहे' म्हणून गाडी घालू नका. मागे वळायला वाव असेल तर वळा. नसेल तर गाडी सोडून खोलीत चढा आणि ९९९ वर फोन करून कोस्टगार्ड मागा. खाऱ्या पाण्याने गाडीची वायरिंग जाते, आणि भाड्याच्या गाडीचा तो खर्च विम्यातून सुटेलच असं नाही.

चालत जायचं असेल तर खांब रोवलेली यात्रेकरूंची जुनी वाट आहे, सुमारे पाच किलोमीटर. गाड्यांच्या वेळा तिला लागू नाहीत. पाणी ओसरत असतानाच निघायचं आणि पूर्ण ओहोटीच्या सुमारास पलीकडे पोचायचं. चिखलात बूट रुततात, म्हणून बरेच जण अनवाणी जातात. दोन तास तरी हाताशी ठेवा, आणि पहिल्यांदा जाताना स्थानिक वाटाड्या घ्याच.

प्रश्न : आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. गाडी चालवायची नाही. कोणते किल्ले जमतील? (ठाणे)

बँबरा आणि वॉर्कवर्थ हे दोन्ही बसने होतात. न्यूकॅसलहून वॉर्कवर्थ, ॲनिक, क्रॅस्टर, सीहाउसेस, बँबरा या गावांतून एक्स १८ बस जाते. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून रेल्वेने न्यूकॅसल तीन तासांच्या आसपास. मुक्काम सीहाउसेस किंवा बँबरा इथे टाकला की रोज सामान हलवावं लागत नाही. बस रिक्षासारखी सारखी मिळत नाही, म्हणून संध्याकाळच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच टिपून ठेवा.

बँबराचा किल्ला गावाच्या डोक्यावरच आहे. दारापर्यंतचा चढ आहे, पण रस्ता पक्का आहे. थांबत थांबत गेलं तर आईंना जमेल. १८९४ मध्ये उद्योगपती विल्यम आर्मस्ट्राँग यांनी तो घेऊन मोठी डागडुजी सुरू केली, तेव्हापासून तो त्याच घराण्याकडे आहे. म्हणून आतले दिवाणखाने नांदत्या घरासारखे सजलेले दिसतात. जुन्या लढाऊ किल्ल्याची बांधणी समजून घ्यायची असेल तर वॉर्कवर्थ जास्त शिकवतो.

डन्स्टनबरा आईंना घेऊन करू नका. तिथवर गाडीरस्ताच नाही. क्रॅस्टरपासून किनाऱ्याने गवतातून दोन किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. जमीन उंचसखल आहे, वाटेत मेंढ्या चरत असतात, वारा अंगावर येतो. तुम्ही जाणार असाल तर आईंना क्रॅस्टरच्या बंदरावर बसवा आणि दोन-अडीच तास धरा. स्वच्छतागृह निघण्याआधी क्रॅस्टरलाच गाठा. लँकेस्टरचा अर्ल थॉमस याने हा किल्ला १३१३ मध्ये बांधायला घेतला. राजाशी वैर पत्करलेल्या माणसाने राजाला दिसावा म्हणून उभारलेला दरवाजा आहे तो : दोन प्रचंड बुरूज आणि मधे प्रवेश. १३२२ मध्ये थॉमसचा शिरच्छेद झाला. पुढे लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट याने मूळ दरवाजा बंद करून प्रवेश बाजूला नेला. 

बँबरा, डन्स्टनबरा आणि लिंडिसफार्नचा किल्ला एकाच काळ्या दगडाच्या पट्ट्यावर उभे आहेत. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टची आठवण यावी असा तो दिसतो, पण हा लाव्हा वर न येता जमिनीखालीच थंड झाला. मग वरचे मऊ थर झिजले आणि कडे उरले.

प्रश्न : चर्चमध्ये बाहेरच्या माणसाने गेलेलं चालतं का? चपला काढायच्या का? नेमकं बघायचं काय? (नाशिक)

चालतं. गावातली बहुतेक चर्च दिवसा उघडी असतात आणि तिकीट नसतं. दाराची कडी जड असते, ती फिरवून ढकला. बंद वाटलं म्हणून परत फिरणारे पुष्कळ असतात. चपला काढायच्या नाहीत, पुरुषांनी टोपी काढावी. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा किंवा नंतर या. रविवारची सकाळ पाहण्यासाठी टाळा. जाताना पेटीत दोन-तीन पौंड टाका. छपराची दुरुस्ती अशाच पैशांवर होते.

बँबराचं सेंट एडनचं चर्च निवांत पाहा. नॉर्थंब्रियाचा राजा ओस्वाल्ड याच्या बोलावण्यावरून स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरून आलेल्या एडन या ख्रिस्ती साधूने ६३५ मध्ये लिंडिसफार्नला मठ स्थापला. ६५१ मध्ये तो इथे वारला, चर्चच्या लाकडी टेकूला टेकलेला असताना, अशी श्रद्धा आहे. बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभं राहून मान वर करा : छताला दुबेळक्यासारखं एक जुनं लाकूड आहे, ते हेच असं मानतात. लोक सरळ वेदीकडे जातात आणि त्याच्या खालून नकळत निघून जातात.

अंगणात ग्रेस डार्लिंगचं स्मारक आहे. ७ सप्टेंबर १८३८ रोजी 'फॉरफरशायर' ही आगबोट समोरच्या समुद्रातल्या फार्न बेटांच्या खडकावर फुटली. दीपगृहाच्या रखवालदाराची ही बावीस वर्षांची मुलगी वडिलांबरोबर होडी वल्हवत गेली. खडकावरचे नऊ जण दोन खेपांत वाचले. १८४२ मध्ये ती क्षयाने गेली. जाणाऱ्या जहाजांना दिसावं अशा जागी हे स्मारक उभारलं आहे. तिची कबर मात्र वेगळी, घरच्यांच्या कबरींजवळ, साधीशी आहे. समोरच्या तिच्या संग्रहालयात प्रवेश मोफत आहे.

प्रश्न : एकच पास काढून सगळे किल्ले होतात का?

होत नाहीत. लिंडिसफार्नचा पडका मठ आणि वॉर्कवर्थ 'इंग्लिश हेरिटेज'कडे आहेत, लिंडिसफार्नचा किल्ला 'नॅशनल ट्रस्ट'कडे. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या या दोन वेगळ्या संस्था. डन्स्टनबराला दोघांचंही सभासदत्व चालतं. बँबरा आणि ॲनिकचे किल्ले खासगी आहेत, तिथे या दोघांपैकी कुणाचाच पास चालत नाही. तीन-चार ठिकाणंच करणार असाल तर बेरीज करून पाहा, सुटी तिकिटं स्वस्त पडू शकतात. लिंडिसफार्नचा किल्ला गावापासून दीडेक किलोमीटरवर आहे आणि शेवटची चढण दगडगोट्यांची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं राहतं घर केलं ते एडविन ल्यूटन्स यांनी, म्हणजे नवी दिल्ली आखणाऱ्यांनीच. राष्ट्रपती भवन पाहिलेल्याने या छोट्या खोल्या आवर्जून पाहाव्यात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. खाण्याचं काय? घरून काय नेता येईल? (पुणे)

स्वयंपाकघर असलेलं कॉटेज घ्या. उन्हाळ्यात ती बहुधा आठवड्याच्या हिशेबाने, शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार मिळतात. भारतातून मसाले, चटणीपूड, पापड, लोणचं न्या. तूप, पेढे, बर्फी, खवा नेऊ नका : भारतासारख्या देशातून दुधाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे, ते विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ता आणि बटाटेही नकोत. बाकी वाणसामान न्यूकॅसलला भरा, किनाऱ्यावरच्या गावांत दुकानं लहान आहेत. फोडणी घालताना खिडकी आणि पंखा आधी चालू करा, नाहीतर धुराचा भोंगा सगळी आळी जागी करेल.

बाहेर खाताना दोन गोष्टी विचारा. उत्तर इंग्लंडात चिप्स बऱ्याचदा गोमांसाच्या चरबीत तळतात. वनस्पती तेलातल्या आहेत का, असं स्पष्ट विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि सूप भाज्यांचं असलं तरी कशाच्या पाण्यात उकळलं, ते विचारा. पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला आणि रात्री साडेआठच्या सुमारास बंद होतं. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे जेवणाची वेळ हमखास चुकते.

प्रश्न : पफिन पक्षी कधी दिसतील?

एप्रिल ते जुलै. ऑगस्टमध्ये ते समुद्रावर निघून गेलेले असतात. फार्न बेटांच्या बोटी सीहाउसेसहून सुटतात. लाटा मोठ्या असल्या की फेरी रद्द होते, म्हणून तिकीट मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाचं काढा, म्हणजे पुढे ढकलायला दिवस उरतात. बेटावर उतरण्याचं शुल्क बोटीच्या भाड्यात आहे की वेगळं, ते तिकीट काढतानाच विचारा. टोपी घाला, कारण मे ते जुलैमध्ये टर्न पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतात, आणि ती चांगली लागते.