सांगलीत घराभोवती फुलपाखरे आणि पक्षी यावेत यासाठी कोणती फुलझाडे लावावीत?

घराभोवती दोन गुंठे मोकळी जागा आहे, तेथे फुलपाखरे व पक्षी यावेत म्हणून कोणती फुलझाडे लावावीत, असे आपण विचारले आहे. फुलझाडे कोणीही सांगेल. अडुळसा, एक्झोरा, पेंटास, झेंडू यांवर फुलपाखरे येतातच आणि अडुळशाच्या फुलांवर शिंजीर हा इवलासा पक्षीही येतो. परंतु फुलावर आलेले फुलपाखरू मध पिऊन पुढे जाते. त्याची पैदास आपल्या अंगणात व्हावी असे वाटत असेल, तर त्याच्या अळीला खाण्यासाठी नेमके पान हवे, आणि ते पान कुरतडलेले पाहण्याची घरातील सर्वांची तयारी हवी. यांपैकी दुसरी अट पुष्कळच अवघड आहे, असा माझा अनुभव आहे.

विश्रामबागेतील आमच्या घरामागे कढीपत्त्याचे जुने झाड आहे. पावसाळ्यात कॉमन मॉर्मन व लाइम या जातींची फुलपाखरे त्याच्या कोवळ्या पालवीवर एकेक अंडे घालून जातात. लहानपणी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते, आणि तिला बोट लावले तर डोक्यामागून दुबेळके शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. माझ्या मुलींनी हे सारे त्याच झाडावर पाहिले.

माझे धाकटे दीर तासगाव तालुक्यात द्राक्षबागाईतदार आहेत. वयाने धाकटे असले तरी झाडापेरांच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचाच शब्द अखेरचा मानला जातो. एका वर्षी गौरी-गणपतीला ते मुक्कामाला आले असताना शेंडे बोडके झालेले ते झाड त्यांच्या नजरेस पडले, आणि आम्ही आरतीच्या गडबडीत असताना त्यांनी जीपमधील पंप काढून सगळ्या झाडावर कीटकनाशक मारले. सकाळी झाडाखाली अळ्यांचा सडा पडला होता. त्या झाडावरून बारीक अळ्या टिपून जास्वंदीतील घरट्याकडे नेणारी शिंपी पक्ष्यांची जोडी तिकडे फिरकेनाशी झाली. मी बोलले, तेव्हा भावोजी सर्वांदेखत म्हणाले, “वहिनी, बाग राखायची तर औषध मारावंच लागतं. बागाईतदाराच्या घरी असलं झाड शोभत नाही.”

पाहुण्यांसमोर मी गप्प राहिले, पण तो विषय अजून प्रत्येक कार्यात निघतो, म्हणून माझे म्हणणे येथे मांडते. द्राक्षबागेत भावोजींचे बरोबर आहे. डाउनी किंवा भुरी या बुरशीच्या रोगांनी घड डागाळला तर वर्षाची कमाई जाते. परसातील कढीपत्त्याला भोक पडल्याने कोणाचेही काही जात नाही. एप्रिलच्या खरड छाटणीत जे स्वतःच्या हाताने सगळी बाग उघडी करतात, त्यांना झाड पुन्हा फुटते हे मी सांगायला नको. युरोपला जाणाऱ्या मालासाठी शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर पाळणारे आणि फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, म्हणजे रेसिड्यूचा, अहवाल येईपर्यंत काढणीला हात न लावणारे बागाईतदार आमच्या फोडणीत पडणाऱ्या पानांवर तेच विष मारतात, हे मला आजही पटलेले नाही. शिवाय अळीबरोबर कोळी, ढालकिडे आणि गांधीलमाश्याही मेल्या, आणि पुढे जास्वंदीवर मिलीबग (पिठ्या ढेकूण) वाढला. त्याच मिलीबगसाठी भावोजी आपल्या बागेत क्रिप्टोलीमस हे मिलीबग खाणारे ढालकिडे विकत आणून सोडतात. जो किडा शेतात मित्र असतो, तो घरामागे आल्यावर शत्रू होत नाही.

पक्ष्यांचेही तसेच आहे. शिंजीर मध पितो आणि चिमणी दाणे खाते, परंतु दोघेही पिलांना मुख्यत्वे किडे, अळ्या व कोळीच भरवतात. फवारलेल्या बागेत दाण्याचे भांडे टांगणे म्हणजे निव्वळ शोभा आहे.

आपल्या जागेत कढीपत्ता व लिंबू अवश्य लावावे. 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेले ब्लू मॉर्मनही लिंबाच्या कुळातील झाडांवरच अंडी घालते. कुंपणाला रुई असू द्यावी, तिची पाने प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या खातात. पानफुटीवर रेड पिएरो, सीताफळावर टेल्ड जे, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट आणि कण्हेरीवर कॉमन क्रो वाढते. घाणेरीवर फुलपाखरे पुष्कळ येतात, तरीही ती मुळीच लावू नये, कारण पक्षी तिची फळे खाऊन बी डोंगरभर पसरवतात. उंबरावर तांबट आणि हरियाल हे पक्षी येतात, पण दोन गुंठ्यांत त्याची मुळे भिंतीपर्यंत पोहोचतील. मातीच्या पसरट परळात पाणी ठेवून ते रोज बदलावे आणि पालापाचोळा जाळू नये.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. लिंबाचे रोप अगदी लहान असेल तर दोन-तीन अळ्याही त्याला पानहीन करतात, तेव्हा त्यांना उचलून मोठ्या झाडावर ठेवावे. केसाळ अळीला हात लावू नये, आणि रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. 2019 च्या महापुराचे पाणी आपल्या भागात आले असेल, तर काळ्या जमिनीत पाणी साचून कढीपत्त्याची मुळे कुजतात, म्हणून तो वरंब्यावर लावावा. रोपवाटिकेतील रोपे बहुधा फवारलेली असतात आणि काही औषधे पानांत भिनून राहतात, त्यामुळे शेवटची फवारणी केव्हा झाली हे विचारूनच रोप आणावे आणि नवी पालवी फुटेपर्यंत त्यावर अळ्यांची अपेक्षा धरू नये.