अकरा बर्थ

काल संध्याकाळी तू आलास तेव्हा तुझ्या हातात कागद होता, त्यावर अकरा नावं, अकरा वयं आणि खाली अंडरलाइन करून 'सगळ्यांना लोअर'. मी तीस वर्षं रेल्वे रिझर्व्हेशनच्या खिडकीत काढली म्हणून तू माझ्याकडे आलास, ते बरोबरच, पण मी तुला धड उत्तर दिलं नाही, चहा दिला आणि उद्या बघू म्हणालो. तू गेल्यावर रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हणून लिहितोय. समोरासमोर बोललो असतो तर मी चिडलो असतो, आणि चिडण्यासारखं तू काही केलेलं नाहीस.

एकच विचारतो. आईला विचारलंस का?

तू म्हणालास दादा कॅनडाहून डिसेंबरात तीन आठवडे येतोय, त्याला काश्मीर करायचंय कारण आई लग्नानंतर कधीतरी काश्मीर म्हणाली होती. मावशीला काशी पाहिजे. बाबा काहीच बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात शक्यतो नको. आणि तू मधे, सगळ्यांचे फोन घेतोस, एक्सेलमध्ये खर्च मांडतोस, रात्री दोन वाजता हॉटेलं बघतोस. एवढ्या सगळ्यांचं म्हणणं तू मला पंधरा मिनिटांत सांगितलंस आणि त्यात आई काय म्हणते हे एकदाही आलं नाही. मी वाट बघत होतो. मग जाताजाता चप्पल घालताना म्हणालास की आईला कॅन्सरचं सांगितलेलंच नाही, स्वादुपिंडाला सूज आहे एवढंच सांगितलंय.

अरे, कावीळ झाली, पित्तनळीत स्टेंट टाकला, केमो सुरू करून बंद केली, ब्लाउज सगळे दोन-दोन वेळा आत घेतले, आणि तुम्हाला वाटतं ती सूज समजून बसलीये? दूधवाल्याने पाणी घातलं तर चहाच्या रंगावरून ओळखणारी बाई ती. तिला माहिती आहे. तुम्ही तिच्यासाठी गप्प आणि ती तुमच्यासाठी गप्प, आणि या दोन गप्पांच्या मधे तुम्ही अकरा जणांची सहल बसवताय.

माझ्या वडिलांचं सांगतो. १९९६. जठराचा कॅन्सर, लिव्हरला गेलेला. आम्ही त्यांना अल्सर सांगितला होता. सगळ्यात मोठा मुलगा मी, रेल्वेत, पास हातात, तर मी ठरवलं की अण्णांना काशी-प्रयाग-गया करून आणायचं, आणि आणलं. आम्ही नऊ जण. प्रत्येक स्टेशनवर कोणीतरी ओळखीचं, कुठे व्हीलचेअर, कुठे रिटायरिंग रूम, मी सगळं असं बसवलं होतं की लोक आजही नाव काढतात. अण्णा दशाश्वमेध घाटावर खुर्चीत बसलेले, आम्ही आळीपाळीने शेजारी उभं राहून फोटो काढतोय, आणि ते तोंडातली बडीशेप गिळता येत नाही म्हणून रुमालात काढतायत. तो फोटो आहे माझ्याकडे. त्यात रुमाल दिसतो.

बडोद्याला परत आलो, तिसऱ्या दिवशी ते झोपूनच राहिले, आणि आईला म्हणाले, नवसारीला गेलो असतो तर बरं झालं असतं. नवसारीला माझा काका. दोघा भावांचं घराच्या वाटणीवरून फाटलेलं, बारा वर्षं बोलणं नाही. नवसारी काय लांब आहे? सकाळच्या गाडीने निघालं तर दुपारच्या जेवणाला परत दांडिया बाजारात. मी त्यांना हजाराहून जास्त किलोमीटर नेलं आणि दोन-अडीच तासांवर नेलं नाही, कारण मी विचारलंच नाही. मला वाटलं होतं मला माहिती आहे. काका आले, दहाव्याला आले, आणि ओट्यावर बसून राहिले, आत आले नाहीत.

तेव्हापासून मी हे धरून बसलोय, लोकांना कंटाळा येईपर्यंत. आधी विचार. तिकीट नंतर, हॉटेल नंतर, दादाची सुट्टी नंतर.

आणि विचारणं म्हणजे सगळे हॉलमध्ये बसलेले असताना, 'आई, जायचं ना काश्मीरला, मजा येईल ना?' हे विचारणं नाही रे. याला ती काय नाही म्हणणार? ती तुझ्या तोंडाकडे बघून हो म्हणेल आणि तुम्ही बुकिंग कराल. एकटा बस तिच्याजवळ. बाबा फिरायला गेले की झोपाळ्यावर बस. म्हण, आई, तुला काय वाटतं, काय चाललंय तुझ्या पोटात? आणि मग गप्प बस. हे गप्प बसणं तुला जमणार नाही, पहिल्या अर्ध्या मिनिटात तुला वाटेल काहीतरी बोलावं, 'सगळं ठीक होईल' असलं काहीतरी तोंडात येईल. गिळ ते. ती जेवढं विचारेल तेवढंच सांग, जास्त नको, पण खोटं काही नको. त्यानंतर विचार, तुला कुठे जावंसं वाटतं, कोणाला भेटावंसं वाटतं, कोण बरोबर हवं, कोण नको. शेवटचं विसरू नकोस. आणि कुठेच नाही, मला माझ्या गादीवर पडू दे, असं म्हणाली तर तेही उत्तर आहे, त्यावर दादाला फोन करून रडायचं नाही.

हिच्या वेळी मी विचारलं. २०२२ चा फेब्रुवारी. ओव्हरीचा, पोटात पाणी भरायचं, दोन वर्षं झाली होती. मी विचारलं तर ही लगेच म्हणाली, चांदोद, नर्मदेकाठचं. जणू कोणी विचारायची वाटच बघत होती. तिचं माहेर डभोईचं, लहानपणी सगळी भावंडं छोट्या गाडीने चांदोदला जायची. (आपल्याकडच्या त्या छोट्या गाडीचं तुझ्या पिढीला काहीच माहिती नाही. १८६२ साली गायकवाडांनी डभोई ते मियागाम रूळ टाकले, सुरुवातीला डबे बैल ओढायचे, आणि नंतर डभोई नॅरोगेजचं केवढं मोठं जंक्शन झालं. आता तिथून ब्रॉडगेज केवडियाला जाते, २०२१ पासून.) तर चांदोद. आणि वर म्हणाली, मी, तू आणि आपली मुलगी, बास. तुझी बहीण नको, ती रडते आणि मग मला तिला समजवावं लागतं.

घरात काय झालं असेल तू कल्पना कर. चांदोदला लोक श्राद्धाला जातात, अस्थी घेऊन जातात, जिवंत माणसाला असं कोण नेतं, अपशकुन आहे. माझी बहीण तर त्या दिवसापासून बोलत नाही, आजही नाही, राखी पोस्टाने येते. पण मी नेलं. दोन दिवस आधी तिचं पोटातलं पाणी काढून घेतलं, चार लिटर, म्हणजे तिला बसता यावं. पन्नास-साठ किलोमीटरला आम्ही अडीच तास लावले, तीनदा थांबलो. घाटाच्या पायऱ्या तिला उतरता येणार नव्हत्या तर दोन नावाड्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून नावेत ठेवलं, 'माजी, शांतिथी बेसो' म्हणाले. ओरसंग जिथे नर्मदेला मिळते तिथपर्यंत गेलो. पाण्याचा रंग तिथे दोन प्रकारचा दिसतो, ती मुलीला ते दाखवत होती. वीस-पंचवीस मिनिटं असेल. पलीकडे करनाळीला कुबेराच्या देवळात जायचं का विचारलं तर म्हणाली नको, कुबेराकडे काय मागू आता, थंडी वाजतेय, परत जाऊ. शाल गुंडाळली, परत आलो. वाटेत डभोईला तिच्या माहेरच्या गल्लीत गाडी घातली, घर केव्हाच विकलेलं, काच खाली करून बघितलं तिने आणि म्हणाली चला. बास. एवढीच आमची ट्रिप.

नवव्या दिवशी ती गेली. नेलंत म्हणून गेली, असं बहीण सगळ्यांना सांगते. धक्के बसले, वारा लागला. मी तुला शपथेवर सांगतो, त्या बाईचे दिवस तेवढेच होते, आमच्या पॅलिएटिव्हच्या, म्हणजे रोग बरा करण्यापेक्षा दुखणं-त्रास कमी करण्याकडे बघणाऱ्या, डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की आता महिन्यांचं नाही, आठवड्यांचं बोलायचं. मुलीने मला नंतर एक वाचून दाखवलं, २०१० साली अमेरिकेत फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवरचा अभ्यास छापून आला, ज्यांच्याबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्हवाले होते त्यांचे दिवस तर बरे गेलेच, वर ते साधारण ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. म्हणजे दुखणं कमी करणं, मनासारखं करू देणं, याने माणूस लवकर मरत नाही. मी हे बहिणीला पत्रात लिहून पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. जाऊ दे. मला परत तोच फेब्रुवारी दिला तर मी परत चांदोदलाच नेईन, त्याच गाडीतून, आणि बहिणीला परत नाही म्हणेन.

आता तुझं काम. डॉक्टरांना 'नेऊ का' विचारलंस तर ते नको म्हणणारच, त्यांना जबाबदारी कशाला हवी. पॅलिएटिव्हच्या डॉक्टरला गाठ, आणि असं विचार की आईला अमुक ठिकाणी जायचंय, मी न्यायचं ठरवलंय, काय काय बरोबर घेऊ. मग उत्तरं वेगळी येतात. मॉर्फीन चालू असेल तर ती चार-चार तासांची गोळी असते, प्रवासात गोळीची वेळ चुकली की दुखणं वर चढतं आणि मग खाली आणायला दिवस जातो, म्हणून मोबाइलमध्ये अलार्म लाव आणि मधेच दुखलं तर किती जादा द्यायची ते लिहून घे. जुलाबाची गोळी बरोबरच, मॉर्फीनने पोट साफ होतच नाही, आणि तिला ते दुखण्याइतकंच छळतं पण ती तुला सांगणार नाही, मुलगा आहेस ना. गोळ्या जितक्या दिवसांचा प्रवास त्याहून चार दिवस जास्त घे, कारण हे औषध १९८५ च्या नार्कोटिक्स कायद्याखाली येतं, २०१४ ला नियम सोपे झाले तरी वाटेतल्या मेडिकलमध्ये मिळेल असं धरून चालू नकोस. ओरिजिनल प्रिस्क्रिप्शन तिच्या पर्समध्ये, फोटो तुझ्या फोनमध्ये. स्टेंट आहे, तर थंडी वाजून ताप आला की तो बंद झाल्याचं समजायचं आणि त्याच दिवशी हॉस्पिटल, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. म्हणून जाल तिथून तासाभरात मोठं हॉस्पिटल असलं पाहिजे. काश्मीरचं तुझं तूच बघ.

आणि तिकिटाचं, ज्यासाठी तू आला होतास. कॅन्सर पेशंटची सवलत असते, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के, पण ती उपचाराला जाण्यासाठी. मुंबईला दाखवायला नेताना सर्टिफिकेट लावून जरूर घे, तो तिचा हक्क आहे, पण फिरायला किंवा काशीला ती लागू होत नाही, आणि खोटं सर्टिफिकेट मी माझ्या हाताने भरणार नाही. एका फॉर्मवर सहाच नावं बसतात, अकराला दोन तिकिटं, डबे वेगळे लागले तर अर्धे इथे अर्धे तिथे. लोअर बर्थचा कोटा एकट्या-दुकट्यासाठी असतो. तुझी आई आणि तू असे दोघंच असाल तर तिला लोअर मिळवून देणं मला अवघड नाही. अकरा जणांत तिला खालचा मिळाला तरी दिवसभर त्यावर पाच माणसं बसणार आणि ती कोपऱ्यात अंग चोरून उशी मांडीवर घेऊन बसणार, सगळ्यांना फराळाचं विचारत. तू बघितलंयस तिला पाहुण्यांत.

दादाचं मला कळतं. तो लांब आहे, त्याला वाटतं आपण तीन आठवड्यांत दहा वर्षांचं काहीतरी करून टाकावं. मला पण काशीला तेच वाटत होतं. त्याला रागावू नकोस, फक्त त्याला सांग की आईला विचारल्याशिवाय मी एक रुपया भरणार नाही. चिडेल, चिडू दे. तू धाकटा आहेस म्हणून सगळ्यांचं ऐकायची सवय लागलीये तुला, पण तिच्या उशाशी रात्री तू असतोस, ते नसतात.

तो कागद तू इथेच विसरलास, टीव्हीवर ठेवलाय. बाराव्या ओळीला जागा रिकामी आहे, तिथे मी पेन्सिलने 'आई काय म्हणाली' असं लिहून ठेवलंय. तिच्याशी बोलून ते भर आणि ये. सकाळी दहाच्या आधी ये, त्यानंतर मी गोळी घेऊन झोपतो. फॉर्म माझ्याकडे आहेत.