ब्रॉयलरची छाती एवढी भरते, ते एखाद्या जनुकामुळे की इंजेक्शनमुळे?

तुमचा प्रश्न असा, की अंड्यांच्या कोंबडीची छाती बारीक आणि ब्रॉयलरची भरगच्च, हे 'मांसाच्या जनुका'मुळे होतं की हार्मोनच्या इंजेक्शनमुळे? दोन्हींमुळे नाही.

इंजेक्शनचं आधी निकालात काढतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ आणि १९७८ पासून जपलेले दोन वाण आणि २००५ चा ब्रॉयलर एकाच खाद्यावर वाढवले. ५६व्या दिवशी वजनं भरली साधारण ९००, १८०० आणि ४२०० ग्रॅम. खाद्य तेच, वाण वेगळा; म्हणजे फरक वाणाचा, इंजेक्शनचा नाही.

आता जनुकं. मी कोंबडीच्या भ्रूणातल्या स्नायूपेशी वाढवतो. ताटलीत या पेशी आधी सुट्या, टोकदार दिसतात. पोषणद्रवातलं सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) कमी केलं की विभाजन थांबवून एका रेषेत लागतात, एकमेकींत विरघळतात आणि अनेक केंद्रकांची लांब नळी तयार होते. काही दिवसांनी ती नळी आपोआप फडफडायला लागते. कितीही वेळा पाहिलं तरी मी काम सोडून बघत बसतो. हे घडवणारी जनुकं ठरलेल्या क्रमाने चालू होतात: पॅक्स-७ पेशी राखीव ठेवतं, मायो-डी आणि मायएफ-५ त्यांना स्नायूच्या वाटेला लावतात, मायोजेनिन जोडणी घडवतं.

खरी गोम वेळेत आहे. स्नायूतंतूंची संख्या जवळजवळ अंड्यातच ठरते. पिल्लू बाहेर आल्यावर तंतूंची संख्या वाढत नाही, ते जाड होतात, आणि त्यासाठी लागणारी नवी केंद्रकं राखीव पेशी पुरवतात. म्हणून 'किती तंतू' आणि 'किती जाड' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन या वाढीला लगाम घालतं. बेल्जियन ब्ल्यू जातीच्या गाईत त्याचं जनुकच बिघडलेलं असतं, म्हणून तिचे स्नायू असे फुगलेले. ब्रॉयलरचं तसं नाही. तिथे बारीक परिणाम करणारी पुष्कळ जनुकं पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून एकत्र आली आहेत. त्याची किंमतही आहेच: तंतू फार जाड झाले की रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि काही पक्ष्यांची छाती लाकडासारखी कडक होते.

तुम्ही यावर प्रकल्प करणार असाल, तर नमुना भ्रूणाच्या कितव्या दिवशी आणि कोणत्या स्नायूतून घेतला हे आधी बघा. १२व्या दिवसाची छाती आणि उबवल्यानंतरची मांडी यांची तुलना करून जनुकांबद्दल काहीच सांगता येत नाही.