शेतातून निघालेले लुब्लिनचे त्रोयाक: मालकी कोणाची?

प्रश्न: नोकरीनिमित्त पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे राहणाऱ्या एका वाचकाने खासगी विक्रेत्याकडून लुब्लिन शहराच्या टांकसाळीतील चांदीचे चार त्रोयाक, म्हणजे तीन ग्रोशांची (ग्रोश हे जुने पोलिश चलन) नाणी, विकत घेतली. पैसे पाठवल्यानंतर विक्रेत्याने कळवले की, ही नाणी त्याला नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टरने सापडली. पुण्याला परतताना ती सोबत नेता येतील का?

उत्तर: पोलंडचा राजा तिसरा झिग्मुंट याच्या काळातील ही टांकसाळ १५९५ ते १६०१ एवढीच चालली, त्यामुळे आपली ओढ मला समजते. तरीही ही नाणी सोबत नेऊ नका.

पोलंडच्या २००३ च्या वारसा संरक्षण कायद्याच्या कलम ३५ नुसार पुरातत्त्वीय वस्तू, शेत कोणाचेही असो आणि ती कोणालाही सापडलेली असो, राज्याच्या मालकीची ठरते. शिवाय प्रांताचा वारसा संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय डिटेक्टर फिरवणे हा २०१८ पासून दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. शेतातले एखादे सुटे नाणे पुरातत्त्वीय मानावे का, यावर वाद घालता येईल. पण एकाच टांकसाळीची चार नाणी एकाच शेतातून निघाली असतील, तर ती पुरलेल्या ठेव्यातली असल्याचा संशय बळावतो.

आपल्या बचावाचा सारा भार एका गोष्टीवर आहे: विक्रेत्याचा संदेश आधी आला की नाणी आधी हातात पडली? मालक नसलेल्या व्यक्तीकडून वस्तू घेणाऱ्याला पोलंडच्या नागरी संहितेचे कलम १६९ संरक्षण देते, परंतु ताबा घेताना त्याचा हेतू प्रामाणिक असेल तरच. संदेश वाचून आपण पार्सल स्वीकारले असेल, तर हे संरक्षण जवळपास संपते आणि गुन्ह्यातून आलेली वस्तू घेतल्याचा आरोप, तिथल्या दंड संहितेच्या कलम २९१ किंवा २९२ खाली, होऊ शकतो. जमिनीतून निघालेल्या शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला देशाबाहेर नेण्यासाठी किंमत कितीही कमी असली तरी परवाना लागतो, आणि त्याविना नेल्यास तीन महिने ते पाच वर्षे कैद होऊ शकते.

नाणी धुऊ नका, कारण त्यांवरची माती हाही पुरावा आहे. ती विकू नका, विक्रेत्याला परतही करू नका, कारण तसे केल्यास पुरावा आपणच हातचा घालवाल. सर्व संदेश आणि पैसे भरल्याची नोंद जपून ठेवा, आणि स्थानिक वकिलामार्फत नाणी प्रांताच्या वारसा संरक्षकाकडे सुपूर्द करा. मालकीतील दोषाबद्दल विक्रेत्याकडे पैशांची मागणी नागरी संहितेनुसार स्वतंत्रपणे करता येते. ती लेखी आणि विनाविलंब करावी.