नव्याने चार्ज घेणाऱ्या मुख्याध्यापकाची तयारी

मॅडम, आधी मनापासून अभिनंदन. पदोन्नतीने सातवीपर्यंतच्या शाळेचा चार्ज मिळाला, प्रशिक्षणात नेतृत्वावर बरंच ऐकलं, पण सोमवारी शाळेत जाऊन नेमकं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी बीड जिल्ह्यात अकरा वर्षं मुख्याध्यापक आहे. माझं उत्तर एकच: रोज एक तास वर्गात, मागच्या बाकावर बसा.

चार्ज घेताना कॅशबुक, डेडस्टॉक (शाळेच्या कायम वस्तूंची नोंद), जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंद), पोषण आहाराचा तांदूळ हे मोजून घ्याच. त्यात भीड नको. पण कागद आठवड्यात हाती येतात, वर्गाला वर्ष लागतं.

पहिल्या वर्षी मी एका सरांचा तास पाहिला आणि लॉगबुकात लिहिलं, ‘सुधारणा आवश्यक’. ते महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. चूक माझी होती. पुढच्या वेळी त्यांच्याच तिसरीच्या वर्गात एका मुलीशेजारी बसलो. ५२ वजा २७ चं उत्तर तिने ३५ लिहिलं होतं. दोन्ही घरांत मोठ्यातून लहान अंक वजा केला होता. मधल्या सुट्टीत सरांना वही दाखवली आणि एवढंच विचारलं, “असं आणखी किती जणांचं होत असेल?” त्यांनी स्वतःच वह्या काढल्या, नऊ निघाल्या. दुसऱ्या दिवशी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून ते वर्गात आले. मला बोलावं लागलंच नाही. नेतृत्व म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण धरलंय. ते जरूर करा. मात्र जाताना आपल्या शाळेचा एखादा खरा अडलेला प्रश्न सोबत न्या, नाहीतर टिपणं वहीतच राहतात.

आपल्या भागाची एक वेगळी तयारी आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात आणि पट रिकामा होतो. तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो. मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली की जाणं ठरलं, म्हणून पोळ्याच्या सुमारासच घरोघर विचारा: कोण जाणार, मूल आजीजवळ राहील का? त्या यादीवरून, मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जातो. हे काम शाळा व्यवस्थापन समितीतल्या आया फार चांगलं करतात. कायद्याने समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतातच. त्यांना नुसत्या सहीपुरतं बोलावू नका.

आणखी एक. तुमच्यानंतर ज्यांचा नंबर आहे त्या सहशिक्षकांना आतापासून सोबत घ्या. माझ्याकडे एका मॅडमना आधी परिपाठ, मग पोषण आहाराचा हिशोब, मग समितीची एक अख्खी सभा दिली. सभेत मी मागे बसलो. पहिल्या सभेत त्या अडखळल्या, तरी मी मध्ये पडलो नाही. पुढच्या सभेचा अजेंडा त्यांनी न सांगता तयार करून आणला.