जुनी कॅम्पर घेतोयस? आधी छत बघ

कॅम्पर म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेली गाडी. तिचे पडदे, सनमायका, चकचकीत रंग यांना भुलू नकोस. ठाण्याचा पाऊस जुन्या गाडीचं सगळं खरं बाहेर काढतो. छतावरच्या पंख्याभोवती आणि खिडक्यांच्या कडांना आतून बोट दाबून बघ. प्लायवूड मऊ लागलं तर पाणी मुरलंय समज. मला हे पहिल्याच जुलैत घोडबंदर रोडला कळलं, गादी भिजल्यावर. आता दर मे महिन्यात जुनं सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा लेप, पूर्ण खरवडून नवं भरतो. जुन्यावरच थापलेलं टिकत नाही, मेकॅनिक काही म्हणो.

टायरची नक्षी फसवते. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वाळतात. कडेवरचे चार आकडे वाच : २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. असल्या टायरवर माळशेज उतरायचं नाही.

आतली, म्हणजे दिवे-पंख्याची, बॅटरी लेड-ॲसिड असेल तर पूर्ण चार्ज करून रात्रभर न वापरता सोड आणि सकाळी मीटर लाव. साधारण १२.६ व्होल्ट हवेत.

आतला बदल आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, चढलाय का, तेही बघ. १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आलंच.

आणि हो, सोसायटीच्या कमानीची उंची मोजलीस का?